क्लब बंद पडतात तेव्हा : दुय्यम लीगमधील आघाडीपटूच्या अनुभवाचे बोल

व्यावसायिक फुटबॉलमध्ये आघाडीपटू म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या सर्वांत जवळ खेळणारा आणि गोल करणे ही ज्याची पहिली जबाबदारी मानली जाते असा खेळाडू. असा खेळाडू देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये स्थिरावला नाही आणि तिच्याखालच्या लीगमध्ये, बहुतेक वेळा एकेका हंगामाच्या करारावर, या शहरातून त्या शहरात आणि या क्लबातून त्या क्लबात जात राहिला, म्हणजे त्याच्या कारकिर्दीला जे स्वरूप येते, त्याची नोंद वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर क्वचितच होते. भारतात गेल्या काही वर्षांत बसलेली लीगची उतरंड अशी आहे : सर्वांत वर २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग, तिच्याखाली राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी २००७ साली आलेली आय-लीग, तिच्याखाली आय-लीग २, २०२३ पासून तिच्याही खाली आय-लीग ३, आणि तळाशी राज्य व जिल्हा संघटनांच्या लीग. वरच्या लीगमधील मोजक्या जागा सोडल्या तर या देशात फुटबॉलवर पोट भरू पाहणारा बहुतेक प्रत्येक तरुण या खालच्या पायऱ्यांवरच उभा असतो, आणि त्यातही आघाडीपटूची पायरी सर्वांत निसरडी असते.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावातून या वाटेला लागलेल्या खेळाडूचा विचार येथे मुख्यतः केला आहे, कारण प्रस्तुत लेखक त्याच गावातून निघून नागपूरच्या स्थानिक लीगमार्गे परराज्यांतील दुय्यम क्लबांत आघाडीपटू म्हणून खेळलेला आहे आणि पुढे मांडलेल्या बहुतेक गोष्टी त्याने दुरून पाहिलेल्या नसून स्वतः भोगलेल्या आहेत. या परिसराला कुस्ती, कबड्डी, व्हॉलीबॉल आणि क्रिकेट यांची जशी जुनी सवय आहे तशी फुटबॉलची नाही. कापूस आणि सोयाबीन पिकवणारी येथील काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर्षातले मोजकेच महिने चेंडू सरळ घरंगळेल असे मैदान मिळते. तरीही १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरण्याच्या तोंडावर, ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या उपक्रमात राज्यभरातील शाळकरी मुले एकाच दिवशी फुटबॉल खेळली, आणि त्या दिवशी नऊ-दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नेमका पहिल्या कराराच्या वयाचा झालेला आहे. हे विवेचन मुख्यतः त्या मुलासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी आहे.

सांगायची मुख्य गोष्ट अशी की दुय्यम लीगमधील आघाडीपटूची कारकीर्द गोल आटल्यामुळे मोडते त्यापेक्षा अधिक वेळा ती क्लब मोडल्यामुळे मोडते, आणि महाराष्ट्राचा गेल्या दोन दशकांचा इतिहास याचा सरळ पुरावा आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली त्याच्या मालक कंपनीने बंद केला. एअर इंडियाच्या संघात खेळाडूंना सार्वजनिक कंपनीचा आधार होता; परंतु आशियाई महासंघाच्या क्लब-परवान्याच्या अटी, म्हणजे स्वतंत्र व्यवस्थापन, युवा संघ, आर्थिक पारदर्शकता अशा किमान गरजा, तो पूर्ण करू शकला नाही आणि २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफसीने २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले, आणि त्यानंतर अवघ्या दोन हंगामांनी तो लीगबाहेर गेला. पुण्याचाच भारत एफसी २०१४-१५ हा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम टिकला, तर मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये तळाला गेला आणि नंतर मिटला. यांपैकी प्रत्येक क्लबात तरुण आघाडीपटू होते, त्यांचे गोल नोंदवलेले होते, आणि क्लब बंद झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्या गोलांचा त्यांना काहीही उपयोग झाला नाही.

वरच्या लीगमध्ये तरी स्थैर्य असेल असे समजावे, तर तेथील उदाहरण अधिकच बोलके आहे. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्या क्लबने २०२१-२२ चे विजेतेपद पटकावले, पण त्यानंतर थोड्याच काळात तो थकलेल्या पगारांच्या आणि नव्या खेळाडूंच्या नोंदणीवरील बंदीच्या फेऱ्यात सापडला, आणि २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला हलवण्यात आला. सहा-सात वर्षांत एका जागेने तीन शहरे पाहिली. त्याच २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय महासंघ आणि लीगची व्यावसायिक भागीदार कंपनी यांच्यातील हक्कांच्या कराराचे नूतनीकरण रखडल्याने इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगामच लांबणीवर पडला, तेव्हा देशातील पहिल्या प्रतीच्या खेळाडूंनाही पुढचा सामना कधी हे सांगता येईना. गोव्याची गोष्ट याहून वेगळी नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, २०१०-११ चा विजेता साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही २०१६ मध्ये आय-लीगमधून एकत्र बाहेर पडले, आणि जेथे फुटबॉल हा लोकांचा खेळ आहे अशा त्या राज्यातील खेळाडूंना एका उन्हाळ्यात नवी दारे ठोठावावी लागली. धेंपोला आय-लीगमध्ये परतायला २०२४ साल उजाडले.

हा तपशील निराश करण्यासाठी दिलेला नाही. त्यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की अठराव्या वर्षी करार करणारा खेळाडू पस्तिशीपर्यंत खेळण्याची आशा धरतो, परंतु ज्या क्लबाशी तो करार करतो तो क्लब तितकी वर्षे जगेलच असे धरून चालण्यास काहीही आधार नसतो. म्हणून क्लब निवडताना गणवेशाचे रंग, प्रशिक्षकाचे नाव किंवा समाजमाध्यमांवरील चाहत्यांची संख्या यांआधी तीन गोष्टी विचाराव्यात : क्लबचा पैसा कोठून येतो, मागील हंगामातील खेळाडूंचे पगार पूर्ण दिले गेले काय, आणि क्लबला लहान वयोगटांचे संघ आहेत काय. शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. लहान मुलांचे संघ चालवणारा क्लब पुढच्या पाच-सात वर्षांचा विचार करत असतो. केवळ वरिष्ठ संघ उभा करणारा क्लब एखाद्या मालकाच्या एका हंगामाच्या हौसेवर उभा असू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्लबच्या कार्यालयात मिळत नाही. ते मागच्या वर्षी तेथे खेळलेल्या दोन-तीन खेळाडूंना फोन करूनच मिळते, आणि खेळाडू या बाबतीत एकमेकांशी खोटे बोलत नाहीत हा प्रस्तुत लेखकाचा पक्का अनुभव आहे.

आता आघाडीपटूच्या विशेष अडचणीकडे वळले पाहिजे. भारतीय क्लबांना ठराविक संख्येने परदेशी खेळाडू घेता येतात, आणि प्रशिक्षक त्या मर्यादित जागा सर्वप्रथम गोल करणाऱ्यांसाठी वापरतात, कारण सामन्याचा निकाल ताबडतोब बदलणारी जागा तीच असते. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ च्या पहिल्या हंगामापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट एकाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. एलानो, कोरो, ओगबेचे, दिमित्री दियामांताकोस अशी ती परदेशी नावांची सलग रांग आहे. याचा परिणाम खालपर्यंत झिरपतो. वर जागा नसल्याने वरच्या दर्जाचा भारतीय आघाडीपटू खाली उतरतो, त्याच्यामुळे खालचा आणखी खाली सरकतो, आणि शेवटी जिल्ह्यातून नुकताच आलेला मुलगा राखीव बाकावर बसतो. बचावपटूचे तसे नाही. मुंबईचा राहुल भेके हा बचावपटू मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असे क्लब बदलत बंगळूरुला पोहोचला आणि मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत संघाचा एकमेव व निर्णायक गोल त्यानेच केला; बचावफळीतील भारतीयांच्या जागा परदेशी खेळाडूंमुळे तितक्या आक्रसत नाहीत, म्हणून त्याला क्लब बदलण्याची संधी पुनःपुन्हा मिळत गेली.

यावर उपाय एकच, आणि तो लवकर करावा लागतो : दुसरी जागा शिकणे. गोव्याचा मंदार राव देसाई डाव्या बगलेवरून चढाई करणारा खेळाडू होता. पुढे प्रशिक्षकाने त्याला डाव्या बचावपटूच्या जागी आणले आणि त्या जागेवरून तो मुंबई सिटीसाठी २०२०-२१ च्या विजेत्या संघात खेळला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यातील शासकीय क्रीडा प्रबोधिनीत घडला, ऑक्टोबर २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या सतरा वर्षांखालील संघात आघाडीवर खेळला, त्यानंतर तरुणांसाठीच्या इंडियन अॅरोज संघातून आय-लीगमध्ये आणि तेथून जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा क्लबांत गेला. विश्वचषक खेळलेल्या आणि ज्याच्या पाठीशी कोल्हापूरसारखे, शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे सामने पाहायला गर्दी करणारे शहर उभे आहे, अशा मुलालाही सर्वोच्च लीगमध्ये मधला आघाडीपटू म्हणून नव्हे, तर बगलेवर जागा शोधावी लागली, ही गोष्ट फुलसावंगीच्या मुलाने नीट ध्यानात घ्यावी. सतराव्या-अठराव्या वर्षी प्रशिक्षकाने बगलेवर किंवा मागे खेळण्यास सांगितले तर तो अपमान समजू नये. प्रस्तुत लेखकाबरोबरचे जे आघाडीपटू सर्वाधिक काळ टिकले, ते बहुतेक सर्व अखेरीस दुसऱ्याच जागेवर खेळत होते.

करार हा या विषयाचा गाभा आहे आणि त्याबाबतची अनास्था सर्वांत महाग पडते. जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, व्याख्येनुसार ज्याच्याजवळ लेखी करार आहे आणि ज्याला प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक मोबदला मिळतो तोच व्यावसायिक खेळाडू. इतर सर्व हौशी. याचा अर्थ तोंडी आश्वासनावर परगावी राहून महिनोन्‌महिने खेळणारा मुलगा नियमांच्या दृष्टीने व्यावसायिक ठरतच नाही, आणि थकलेल्या पैशांसाठी दाद मागताना त्याच्या हातात काहीच उरत नाही. खालच्या लीगमध्ये तोंडी व्यवहाराचे प्रमाण मोठे असते. एका क्लबात प्रस्तुत लेखकाला दरमहा ठरलेल्या रकमेपैकी अर्धीच रक्कम करारात लिहिलेली आढळली आणि उरलेली ‘हातात मिळेल’ असे सांगण्यात आले. ती सुरुवातीला मिळाली, संघ हरू लागल्यावर बंद झाली, आणि तक्रार करण्यासाठी कागदावर आधार नव्हता. हा प्रकार इतका रूढ आहे की त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. म्हणून जी रक्कम लिहिलेली नाही ती मिळणारच नाही असे गृहीत धरूनच सही करावी.

कराराचा मजकूर वाचताना काही जागी थांबावे लागते. मुदत तारखेसह लिहिलेली असावी, कारण ‘हंगामासाठी’ या शब्दाचा अर्थ क्लबला हवा तसा लावता येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील हंगाम काही महिन्यांतच संपतो. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त काळाचा असू शकत नाही. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यासच करार वैध ठरेल, अशी अट घालण्यास फिफाची मनाई आहे. तपासणी सहीपूर्वी करणे ही क्लबची जबाबदारी. करार वाढवण्याचा पर्याय केवळ क्लबच्या हाती ठेवणारे कलम असेल, तर खेळाडू चांगला खेळल्यास त्याच जुन्या पगारावर अडकतो आणि वाईट खेळल्यास मोकळा सोडला जातो; असे कलम काढून घेण्याचा किंवा वाढीव रक्कम लिहून घेण्याचा आग्रह धरावा. निवास, जेवण, प्रवास, बूट आणि उपचार यांचा खर्च कोण करणार हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. सही झाल्यावर क्लबचा शिक्का असलेली एक प्रत त्याच दिवशी हातात घ्यावी, आणि राष्ट्रीय महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत आपली नोंद कोणत्या क्लबच्या नावावर, कोणत्या मुदतीसाठी झाली आहे हे स्वतः पाहावे. नोंदणी ही कारकुनी बाब वाटते. परंतु २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपदच मैदानाबाहेर, खेळाडूंच्या पात्रतेवरून व नोंदणीवरून झालेल्या वादांत अडकले आणि अखेर जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने ते इंटर काशी या क्लबला दिले, हे लक्षात घेतले तर या कारकुनी बाबीचे वजन कळते. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने मात्र दोनच क्लबांकडून खेळता येतात, म्हणून घाईने केलेली एक नोंदणी वर्षभर घरी बसवू शकते.

पगार थकल्यास काय करावे, हे बहुतेक खेळाडूंना माहीतच नसते. २०१८ पासून फिफाच्या नियमावलीत अशी स्पष्ट तरतूद आहे की किमान दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकल्यास खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन थकबाकी पूर्ण फेडण्यासाठी किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही पैसे न मिळाल्यास करार मोडण्यास त्याला न्याय्य कारण मिळते. देशांतर्गत वाद राष्ट्रीय महासंघाच्या खेळाडू-दर्जा समितीकडे नेता येतो. यात कळीचा शब्द ‘लेखी’ हा आहे. चिडून सराव सोडून गावी निघून जाणारा खेळाडू स्वतःच करारभंगाच्या आरोपात सापडतो, आणि असे होताना प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले आहे. हा केवळ भारताचा प्रश्न नाही : फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतील सुमारे १४,००० व्यावसायिकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील ४१ टक्के खेळाडूंचे पगार आधीच्या दोन हंगामांत कधी ना कधी उशिरा झाले होते आणि ४५ टक्क्यांहून अधिक खेळाडूंचे मासिक उत्पन्न १,००० डॉलरहून कमी होते. त्याच पाहणीत सुमारे ७ टक्के खेळाडूंनी सामना निश्चितीसाठी आपल्याशी संपर्क झाल्याचे सांगितले. उशिरा होणारे पगार आणि असा संपर्क यांच्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध उघड आहे. थकलेला पगार ही सट्टेबाजाची सर्वांत सोयीची वाट असते, आणि त्या वाटेवरचे एक पाऊलही आयुष्यभराची बंदी ओढवू शकते.

एजंट आणि निवड चाचण्या यांबाबत थोडक्यात सांगता येते. २०२३ च्या फिफा नियमांनुसार एजंटाला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. नाव नसेल तर तो एजंट नाही, एवढे साधे आहे. निवड चाचणीसाठी हजारो रुपयांचे शुल्क, गणवेशाचे पैसे, परदेशी क्लबात ‘जागा पक्की’ करण्यासाठी आगाऊ रक्कम, अशा मागण्या कापसाचे चुकारे हाती येतात त्याच हंगामात गावोगाव येतात, आणि त्यासाठी शेत गहाण पडल्याची उदाहरणे प्रस्तुत लेखकाला ठाऊक आहेत. ज्या क्लबाला खेळाडू खरोखर हवा असतो तो त्याच्याकडून पैसे घेत नाही. तसेच जन्मतारखेत फेरफार करून खालच्या वयोगटात खेळवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्या माणसाशी संबंध तोडावा. मनगटाच्या क्ष-किरण तपासणीवरून हाडांचे वय काढले जाते आणि एकदा पकडल्या गेलेल्या मुलाचे नाव पुसून निघत नाही.

दुखापतीविषयी मात्र विस्ताराने बोलले पाहिजे. आघाडीपटूचे काम थांबणे, अचानक वेग घेणे, वळणे आणि पाठीमागून येणारी धडक सोसणे हे असल्याने त्याच्या मांडीच्या मागच्या स्नायूंवर आणि गुडघ्यावर सतत ताण येतो. गुडघ्याच्या सांध्याला पुढून स्थिर धरणारा अस्थिबंध, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, तुटला तर बहुधा शस्त्रक्रिया लागते आणि मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा अधिक काळ जातो. म्हणजे दुय्यम लीगमधील सबंध करारापेक्षा त्याच्या बऱ्या होण्याचा काळ मोठा असतो. करारात उपचारांचा उल्लेख नसेल तर क्लब पहिली तपासणी करून देतो, मुदत संपते, आणि शस्त्रक्रियेचा खर्च व त्यानंतरची फिजिओथेरपी कुटुंबाच्या गळ्यात येते. प्रस्तुत लेखकाचे परराज्यांतील खेळणे अशाच एका दुखापतीने संपले. म्हणून ‘कराराच्या काळात झालेल्या दुखापतीचा पूर्ण उपचार, करार संपल्यानंतरही, क्लब करील’ हे वाक्य करारात आणण्यासाठी पगारात थोडी घट पत्करावी लागली तरी ती पत्करावी. वीस रुपयांच्या वार्षिक हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठी आहे; अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेचे बिल ती भरत नाही, आणि तिच्या भरवशावर राहू नये. खासगी आरोग्य विमा घेताना व्यावसायिक खेळातील दुखापत त्यात समाविष्ट आहे काय, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

काळ्या मातीवर वाढलेल्या मुलांना आणखी एक धोका असतो. मुंबईच्या कूपरेजसारख्या मैदानांवर कृत्रिम हिरवळ आहे, आणि तिच्यावर लांब स्टडचा बूट रुतून पाय अडकतो पण शरीर वळते. तोच क्षण गुडघ्याच्या दुखापतीचा असतो. कृत्रिम हिरवळीसाठी आखूड व जास्त स्टड असलेला वेगळा बूट लागतो, तो पहिल्या मानधनातून घ्यावा. नागपूर परिसरात आणि इतरत्र होणाऱ्या बक्षीस रकमेच्या स्पर्धा, किंवा केरळच्या मलबारमधील सात-सात खेळाडूंचे ‘सेवन्स’ सामने, रोख पैशांमुळे मोहात पाडतात. परंतु क्लबशी करार असताना परवानगीवाचून असा सामना खेळल्यास करारभंग होतो, आणि तेथे गुडघा गेला तर कोणीच जबाबदार नसते.

अपवाद प्रेरणा देतात आणि दिशाभूलही करतात. इंग्लंडचा जेमी वार्डी कनिष्ठ लीगमधून २०१२ मध्ये लेस्टर सिटीला आला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता ठरला. उरुग्वेचा आघाडीपटू सेबास्तियन आब्रेऊ तीसहून अधिक क्लबांतून खेळला आणि २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध संघाला उपांत्य फेरीत नेणारी पेनल्टी त्यानेच मारली. विदर्भात विजय बारसे यांनी २००१ पासून नागपुरात उभ्या केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलच्या चळवळीवर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये आला आणि त्याने असंख्य मुलांना मैदानाकडे ओढले. हे काम मोलाचे आहे, परंतु त्याचा हेतू मुलांना व्यसन व गुन्हेगारीपासून दूर नेणे हा आहे, व्यावसायिक करार मिळवून देणे हा नाही, आणि पालकांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

वार्डीच्या वाटेपेक्षा आपल्या मुलांना अधिक उपयोगी पडणारी वाट खालिद जमीलची आहे. एअर इंडिया, महिंद्र युनायटेड आणि मुंबई एफसी या मुंबईच्या क्लबांत तो खेळला. आज हे तिन्ही क्लब वरच्या फुटबॉलमध्ये नाहीत. त्याने प्रशिक्षणाचे परवाने मिळवले, २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. क्लब गेले, परवाना राहिला. प्रशिक्षणाच्या पहिल्या पायरीचा परवाना खेळत असतानाच, दोन हंगामांमधल्या मोकळ्या काळात, मिळवता येतो, आणि तो असलेल्या माणसाची शाळांना, अकादमींना व जिल्हा संघांना सतत गरज असते. पंचाची परीक्षाही त्याच काळात देता येते.

शिक्षणाचे तेच आहे. बारावीनंतर नियमित महाविद्यालय जमत नसेल तर १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते; अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या जुन्या संस्थेत शारीरिक शिक्षणाची पदवी मिळते आणि तेथून शाळेतील क्रीडाशिक्षकाची वाट उघडते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळणे आणि १९४१ साली सुरू झालेल्या संतोष करंडकासाठी राज्य संघाच्या निवडीत उतरणे, यांना क्लबच्या सामन्यांपेक्षा कमी लेखू नये. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांतील ठराविक पातळीचे प्रावीण्य आणि क्रीडा विभागाकडून पडताळलेले प्रमाणपत्र लागते. क्लबने दिलेला ‘सर्वोत्तम आघाडीपटू’ हा चषक तेथे चालत नाही. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर त्याची पडताळणी करून घ्यावी, कारण दहा वर्षांनी स्पर्धेचे आयोजकही सापडत नाहीत आणि त्यांची दप्तरेही.

फुलसावंगी, महागाव, उमरखेड आणि पुसद या भागातील क्रीडाशिक्षकांना आणि जुन्या खेळाडूंना येथे एक विनंती करावीशी वाटते. आपल्या भागातील जो कोणी मुलगा बाहेरच्या क्लबात जाईल, त्याचा करार जाण्यापूर्वी गावातील एखाद्या वकिलाने किंवा शिक्षकाने वाचावा, त्याची एक प्रत गावात ठेवावी, आणि तो परत आल्यावर त्याचा क्लब, मिळालेले व थकलेले पैसे, दुखापत आणि उपचार यांची नोंद एका वहीत करावी, म्हणजे पुढच्या मुलाला विचारायला माणूस आणि वाचायला कागद असेल. पालकांनी एक नियम पाळावा : सही करण्यापूर्वी करार दोन दिवस घरी नेऊन वाचू न देणाऱ्या क्लबात मुलाला पाठवू नये.